गाडी नसलेला ब्रेक

विकत आणलेल्या वस्तूचा फार तर एखादा किस्सा होतो. घरी बनवायला घेतलेल्या वस्तूचे इतके होतात, की वस्तू बाजूलाच राहते. आमच्या ब्रेकचं तसंच झालं. आता जालन्यात कुणी ओळखीचं भेटलं तर ब्रेक कसा आहे हे विचारत नाही, 'पुढं काय झालं?' एवढंच विचारतं.

माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझा मित्र सिद्धार्थ साळवे भोकरदनला कॉलेजात गणित शिकवतो. संध्याकाळी बसने घरी आला, की कॉम्प्युटरवर कारची रेस खेळतो. टेबलाला स्टिअरिंग, खाली पेडल, सगळं रीतसर. फक्त त्या ब्रेकमध्ये साधी स्प्रिंग होती. "ब्रेक दाबून राह्यलो का शिलाई मशीन चालवून राह्यलो, समजंना!" ही त्याची रोजची तक्रार.

खऱ्या गाडीचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. आपणही तसाच बनवू, असं ठरलं. मोटरसायकलचा ब्रेकपंप, त्याला तेलाची नळी, आणि नळीच्या टोकाला दाब मोजून कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर. कागदावर ते दोन रविवारचं काम होतं.

*

जुना पंप घ्यायला आम्ही रशीदभाईंच्या गॅरेजला गेलो.

"कोणती गाडी?" त्यांनी विचारलं.

"गाडी न्हाई," सिद्धार्थ म्हणाला.

"मंग ब्रेक कशाला?"

"कॉम्प्युटरला."

रशीदभाईंनी हातातला पाना खाली ठेवला. सिद्धार्थने त्यांना दहा मिनिटं सगळं समजावलं. मास्तरच तो. रेस, पडदा, पायाचा जोर, काहीच सोडलं नाही. रशीदभाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बाकड्यावर बसलेल्या गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "भाऊ, तुमच्या गाडीला ब्रेक न्हाई, अन् ह्यांच्या ब्रेकला गाडी न्हाई. आपसात बघून घ्या!"

*

तेल भरायचं काम माझ्याकडे होतं. दुकानात गाडीच्या जॅकचं तेल पडून होतं. तेल ते तेल, म्हणून मी तेच भरलं.

दोन-तीन दिवस ब्रेक छान चालला. मग रेसच्या पहिल्याच वळणावर सिद्धार्थने पाय दाबला आणि उचलला. पाय वर आला, पेडल नाही आलं. बाकीच्या गाड्या फेऱ्यांवर फेऱ्या मारत राहिल्या, ह्याची तिथंच उभी.

रशीदभाईंनी पंप खोलला. आतलं रबर फुगून टम्म झालं होतं. "काय पाजलं ह्याला?"

"जॅकचं तेल," मी म्हणालो.

"जॅकचं काम उचलायचं, ब्रेकचं काम दाबायचं. दोघांचा खुराक एक कसा राहील?"

*

मग बराबर ब्रेकचंच तेल आणलं. ते रंग खातं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. नळी निसटली आणि पिचकारी थेट वैशालीवहिनींच्या कपाटावर उडाली. वहिनी म्हणजे सिद्धार्थची बायको. कपाटाला आकाशी रंग देऊन महिनाही झाला नव्हता. आम्ही पुसेपर्यंत त्याला फोड आले.

वहिनी आल्या. त्यांनी कपाट बघितलं, पेडल बघितलं, मग नवऱ्याला विचारलं, "कालच्या रेसमधी कितवे आल्ते?"

"अठरावा."

"जण किती होते?"

"अठरा."

वहिनींनी कपाटाचं दार हळूच लोटलं आणि निघून गेल्या.

*

ब्रेक नीट लागायला लागला, तर नवीन भानगड. तो इतका कडक झाला, की दाबायला पूर्ण जोर लागायचा. आणि सिद्धार्थ बसायचा चाकाच्या खुर्चीवर! त्याने पाय रोवला, पडद्यावर गाडी जागच्या जागी थांबली, आणि हा खुर्चीसकट मागे जो सुटला तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत.

वहिनींनी मागे वळूनही बघितलं नाही. "चहा पायजे तर आवाज द्यायचा," त्या म्हणाल्या, "असं येत जाऊ नका!"

पुढच्या आठवड्यात रशीदभाईंनी लोखंडी पाइपची चौकट वेल्डिंग करून दिली. तिच्यावर मोडीतल्या जीपचं सीट बसवलं.

*

सिद्धार्थचे बाबा, साळवेकाका, एसटीत ड्रायव्हर होते. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून लकवा गेला. हात सुधारला, पाय मात्र मागे राहिला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता: भिंतीला पायाचा तळवा टेकवून रोज चाळीस वेळा दाबायचं. काका ऐकत नव्हते.

"भिंत काय पळून राह्यली का, मी तिला थांबवू?"

एक दिवस मला नळीतली हवा काढायची होती. त्यासाठी एकाने पेडल दाबून धरावं लागतं. सिद्धार्थ कॉलेजात होता. मी काकांना हाक मारली. काठी बाजूला ठेवून ते जीपच्या सीटवर बसले आणि त्यांनी पाय ठेवला. पाय थरथरत होता. पडद्यावर दाबाचा आकडा आला.

"किती?" काकांनी विचारलं.

"नऊ."

"शंभरातून?"

"हो."

त्यांनी पाय काढून काठी उचलली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा ते आधीच येऊन बसले होते. मग रोजच बसायला लागले. बारा, सतरा, बावीस. एकदा सव्वीसवर महिनाभर अडकले, तर रागाने जेवण कमी केलं. सिद्धार्थ ब्रेक मागायला गेला तर, "थांब, माझं चालू आहे," म्हणायचे. ज्या दिवशी पस्तीसचा आकडा आला, त्या दिवशी काठी घेऊन आख्ख्या गल्लीत फिरले. दिसेल त्याला सांगत होते, "पास झालो!"

*

मग एका रविवारी सकाळी काका म्हणाले, "आकडे लई झाले. गाडी दे."

सिद्धार्थने सराव लावून दिला. बाकीच्या गाड्या कॉम्प्युटरच चालवणार होता. रशीदभाई आले होते, वहिनी दारात उभ्या होत्या. काकांनी सीटवर बसून आधी आरसा कुठंय ते विचारलं. मग गाडी काढली. चाळीसच्या वर नेली नाही. गाड्या सूं सूं करत बाजूने जात होत्या, काका आपले डाव्या कडेने निघालेले.

तिसऱ्या वळणापुढे सरळ रस्ता होता. तिथं काकांनी आरशात बघितलं, गाडी आणखी कडेला घेतली आणि ब्रेक दाबला. पाय अजिबात हलला नाही. आकडा अठ्ठेचाळीसवर गेला. गाडी कुठं झटका न देता, अलगद थांबली.

रशीदभाई हळूच म्हणाले, "वा!"

"बाबा, काय झालं?" सिद्धार्थने विचारलं. "मधीच का थांबले?"

काकांनी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं. रस्त्याच्या कडेला नारिंगी कपड्यातला एक माणूस झेंडा हलवत होता.

"तो हात करून राह्यला ना."

"बाबा, तो चित्रातला माणूस आहे!"

काकांनी ब्रेकवरचा पाय काढला नाही.

"चढू दे त्याला," ते म्हणाले.