खाकी कव्हरं

इथे आखातात, रुवीत आमच्या खालच्या मजल्यावर कोलकात्याचे एक दादा राहतात. ऑफिसची नोकरी सांभाळून ते हौसेने बंगाली पुस्तकं छापून घेतात आणि बंगाली मंडळींच्या कार्यक्रमांत टेबल मांडून विकतात. यंदा त्यांनी शहराबाहेर बरक्यातल्या एका मळ्यावर राबणाऱ्या बांगलादेशी माणसाच्या गोष्टी छापल्या. "दीदी, ये किताब नहीं चली तो मेरा छापना खलास," त्यांनी मला सांगूनच टाकलं.

मग मी गप्प बसते होय! या आणि आधीच्या पुस्तकांचे खोके आमच्याच घरी ठेवले होते. नवं पुस्तक आलं की आधी त्याला कव्हर, हा माझ्या माहेरचा नियम. दहा हात लागले की पुस्तक मळतं. मी खाकी कागदाचा रोल आणला आणि झाडून सगळ्या पुस्तकांना चापूनचोपून कव्हरं घातली, कडा सेलोटेपने पुस्तकालाच चिकटवल्या. लेक म्हणाली, "आई, पण पुस्तकावरचं पिक्चर किती ब्युटिफुल आहे, हाइड का करतेस?" तिला मी दटावलं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी हॉलवर दादांनी खोका उघडला आणि कपाळावर हात मारला. "दीदी, ये क्या किया?" सगळी पुस्तकं शाळेच्या वह्यांसारखी एकजात खाकी. कुठलं कुणाचं, बाहेरून कळेना. टेप ओढली तर पुस्तकाचं मुखपृष्ठच फाटत होतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तेवढ्यात लोक आलेच. नाव दिसेना, म्हणून जो तो पुस्तक उघडून उभ्याउभ्या वाचू लागला! मळ्यावरचा लेखकही आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, भिंतीशी अंग चोरून उभा. एक बाई त्याचं पुस्तक वाचता वाचता चक्क मोठ्याने वाचायला लागल्या. मला बंगालीचं अक्षर कळत नव्हतं, पण भोवतीची माणसं आधी हसली आणि मग जवळ सरकून ऐकू लागली. बाईंनी मान वर करून काहीतरी विचारलं. दादांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

बाईंनी त्याच्यापुढे पेन धरलं. तो आत सही करेल असं मला वाटलं. त्याने पुस्तक मिटलं आणि खाकी कागदावर, आपण लेबल चिकटवतो तिथे, सावकाश पुस्तकाचं नाव लिहिलं. खाली स्वतःचं. बघता बघता त्याच्यापुढे रांग लागली.

दादा पलीकडून ओरडले, "दीदी, अगली किताब के लिए भी खाकी कागज लाना!"

अगली किताब! मी भर हॉलमध्ये रडले.