तिकीट हंगामी, खुर्ची कायम

नाट्यमंडळाच्या तिकीटखिडकीमागे जे बसतात, त्यांना सगळे खिडकीकाकाच म्हणतात. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि संध्याकाळी इथे येऊन बसायचं. अठरा वर्षांपूर्वी मंडळाने त्यांना एका हंगामापुरतं बसवलं होतं. नेमणूक हंगामी. ती पक्की करायचं पुढे कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि काकांनीही कधी तोंड उघडलं नाही.

खिडकी इतकी बुटकी, की समोरच्याचा चेहरा बघायचा तर मान वाकडी करावी लागते. काका त्या फंदात पडत नाहीत. ते माणसं हातांवरून ओळखतात. शाईची बोटं दिसली की छापखानेवाले, त्यांना खांबामागची जागा चालत नाही. थरथरता हात म्हणजे म्हातारे डॉक्टर, त्यांना दाराजवळची खुर्ची, कारण मध्यंतरापर्यंत त्यांना काही दम निघत नाही.

उशिरा येणाऱ्यांसाठी खिडकी पहिला अंक संपेपर्यंत उघडी ठेवावी लागते. त्यामुळे अठरा वर्षांत काकांनी एकाही नाटकाची सुरुवात पाहिलेली नाही. कोण कुणाचा भाऊ, कोण चोर, हे ते दुसऱ्या अंकावरून ताडतात. एकदा त्यांनी चक्क लबाड माणसालाच नायक धरलं आणि शेवटी तो तुरुंगात गेला तेव्हा बिचारे मनापासून हळहळले.

काकू घरी शिवणकाम करतात. त्या नाट्यगृहाची पायरी कधी चढल्या नाहीत. "तुम्ही खिडकीत आणि मी आत. एकटीने बसून काय बघू?" एवढं बोलून त्या मशीन सुरू करत, की विषय संपला.

यंदा मात्र नवल घडलं. मंडळाच्या अध्यक्ष, ज्यांना सगळे बाई म्हणतात, त्यांनी काकांना हंगामाच्या चौथ्या, शेवटच्या नाटकात घेतलं. शेवटच्या अंकात येणारा पोस्टमन. वाक्यं दोन: "पत्र आहे. सही लागेल." या चार शब्दांची काकांनी घरी इतकी तालीम केली, की काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "आणा इकडे ते पत्र, करते सही एकदाची. आणि जेवायला बसा."

पण मंडळाने अट घातली होती. रविवार संध्याकाळपर्यंत चारही नाटकांची मिळून शंभर तिकिटं गेली, तरच चौथं नाटक बसवायचं. नाहीतर तिनांवरच पडदा. पत्रक लिहिलं होतं खुद्द काकांनी, वळणदार अक्षरात: 'एका नाटकाचं तिकीट किंवा चारही नाटकांचं हंगामी तिकीट.'

गुरुवारपर्यंत गेली अकरा. काकांचा जीव टांगणीला लागला. पत्रक सुंदर, नाटकं चांगली, मग घोडं अडलं कुठे? तेवढ्यात बांगड्यांचा एक हात खिडकीत आला आणि तसाच मागे गेला. "हंगामी नको हो काका. ऐन वेळी रद्द केलंत तर? पक्कं असेल ते द्या."

काकांनी कपाळावर हात मारला. मागे हिशेब बघत बसलेल्या बाई पोट धरून हसल्या. "काका, तुम्ही अठरा वर्षं हंगामी आहात, तुम्हाला तो शब्द गोड वाटणारच! लोकांना कसा वाटेल? कायमचं तिकीट म्हणा."

"कायमचं म्हटलं तर लोक पळून जातील, बाई. ते वर जायचं असतं."

मग काकांनी काचांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर लिहिलं, 'तिकीट हंगामी, खुर्ची कायम. चारही नाटकांना तुमची तीच जागा,' आणि पुठ्ठा खिडकीवर टांगला. शुक्रवारी रांग लागली. आपल्या हक्काची खुर्ची म्हटल्यावर माणसं हट्टाला पेटतात. छापखानेवाले आणि डॉक्टर तर दाराजवळच्या एकाच खुर्चीवरून हमरीतुमरीवर आले. रविवारी दुपारी शंभरावं तिकीट फाटलं. बाईंनी टाळ्या पिटल्या. काका "बरं झालं" एवढंच म्हणाले आणि उगाचच चष्मा पुसत बसले. त्यांना फार आनंद झाला होता.

खिडकी बंद करायच्या बेताला आणखी एक हात आत आला. बोटांना सुयांच्या टोचण्या. काका वहीत डोकं घालून बसलेले.

"एक हंगामी द्या. मधली खुर्ची. स्टेज सरळ दिसलं पाहिजे."

"नाव?" काकांनी सवयीने विचारलं.

"पोस्टमनची बायको."

अठरा वर्षांत पहिल्यांदा काकांनी मान वाकडी केली. काकू ठेवणीतली साडी नेसून उभ्या होत्या.

"अगं, पण चौथ्याचंच घ्यायचं ना. बाकीची तीन एकटीने बघशील?"

"बघेन की," काकू म्हणाल्या. "आणि सुरुवातीला काय काय झालं, ते घरी आल्यावर तुम्हाला सांगेन."