जिममधलं छत्र

"हे तू धर," बापूसाहेब म्हणाले. "तुमच्याकडे होतंच की हे काम. पिढ्यान्‌पिढ्या."

आणि माझ्या हातात उंच दांड्याची छत्री दिली. जरीची झालर, वर पितळी कळस. ते तिला छत्र म्हणत होते. जागा पार्सिपनीतल्या एका शाळेची जिम. वर पक्कं छप्पर, खाली बास्केटबॉलचं मैदान. तिथे ऊन यायची सोय नव्हती, पावसाचीही नव्हती.

आमच्या मराठी मंडळाकडे महाराज आले होते. संस्थान विलीन झालं, तनखे बंद झाले, किताबही गेले, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मंडळात ते पुस्तक बहुधा पोचलं नसावं. मुलांच्या मराठी शाळेसाठी जमवलेला निधी स्वागतात गेला. रविवारचे वर्ग कॅन्सल केले. सिंहासन लग्नाच्या डेकोरेशनवाल्याकडून भाड्याने आलं.

बापूसाहेब मंडळाचे अध्यक्ष. ऑफिसात माझे डायरेक्टर. तिथे त्यांना बॉब म्हणतात. माझ्या ग्रीन कार्डचे कागद त्यांच्या सहीसाठी अडून होते. नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस, नाहीतर बॅगा भरायच्या. हे त्यांना माहीत होतं. मला तर झोपेतही माहीत होतं.

म्हणून मी छत्री धरली.

चूक माझीच. नवी होते तेव्हा लंचला त्यांनी विचारलं होतं, "गाव कुठलं?" मी सांगून टाकलं. मराठी माणूस गाव विचारतो तेव्हा तो गाव विचारत नसतो. "म्हणजे आमच्याच संस्थानातली," ते म्हणाले होते. मला ती माया वाटली.

रांग लागली. डॉक्टर, इंजिनिअर, त्यांच्या पैठण्या. तीनदा मुजरा, मग पाठ न दाखवता मागे मागे चालत जायचं. एक निवृत्त सर्जनकाका मागे जाताना स्वतःच्याच पायात अडखळले. दोन्ही गुडघे बदललेले. पण पाठ दाखवली नाही.

महाराज माझ्याकडे न बघता म्हणाले, "थोडं उंच धर. केसांना लागतंय."

मी उंच धरलं. तळव्यांना घाम, दांडा घसरत होता.

माझ्या आजोबांना ह्याच घराण्याच्या राजवाड्यासमोरून छत्री उघडून जायला मनाई होती. पाऊस असला तरी मिटायची. वहाणा काढून हातात घ्यायच्या. वडील हे सांगताना आधी उठून खिडकी लावायचे. संस्थान जाऊन किती वर्षं झाली होती. "ऐकतंय कोण, बाबा?" मी विचारायचे. ते कडी नीट बसली का बघायचे.

महाराजांनी भाषण केलं. "सातासमुद्रापारही माझी प्रजा मला विसरली नाही." टाळ्या. माझे हात अडकलेले होते, तेवढी एक सोय झाली. शेजारी उभ्या असलेल्या काकू कुजबुजल्या, "हस की जरा. फोटो काढतायत."

मग बापूसाहेब कानाशी आले.

"बूट काढ. फोटोत दिसतायत. अनवाणी बरं दिसतं."

मी वाकले. हे लिहायला लाज वाटते, पण वाकले. एका हातात दांडा, दुसऱ्या हाताने लेस सोडली. एक बूट निघाला. मोज्यातून फरशी थंडगार लागली आणि वडिलांनी लावलेली खिडकी आठवली.

बूट पुन्हा घातला. एका हाताने लेस बांधता येईना. तशीच उठले आणि छत्र मिटलं. खटका कडक होता. आवाज जिमभर गेला.

"मी धरणार नाही," मी म्हणाले.

बापूसाहेब हसत होते, फोटो चालू होते. ओठ फारसे न हलवता म्हणाले, "मंडेला ऑफिसात बोलू."

छत्र त्यांच्या हातात दिलं. सिंहासनाकडे पाठ केली. दारापर्यंत वीसेक पावलं असतील. प्रत्येक पावलाला वाटलं, मागून काहीतरी येऊन लागेल. फक्त काकूंचा आवाज आला, "अगं, पाच मिनिटांचं तर काम होतं."

हे काल झालं. आज रविवार. सोमवारी सकाळी नऊची मीटिंग कॅलेंडरवर आली आहे. नाव 'क्विक चॅट'. वडील फोनवर म्हणाले, "माफी माग पोरी. त्यांचे हात लांब असतात." हात लांब असतात, खरं आहे. इथवर पोचले.

मंडळाच्या सगळ्या सभासदांना मी पत्र लिहिलंय. शाळेचा निधी कुणाला विचारून खर्च केला, आणि माझ्या पायातले बूट कुठल्या ठरावाने काढायचे होते, एवढंच विचारलंय. खाली पूर्ण नाव घातलं. नावाखाली गाव.

पाठवलं.

उद्या नऊला जाणार आहे. बूट घालून. माफी मागणार नाही. भीती कमी झालेली नाही. खिडकी मात्र मी लावलेली नाही.