भिंतीवरचा पासवर्ड

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या कारखान्यात मेल सांभाळणाऱ्या बाईंना सगळे कुलूपबाई म्हणत. साधी कात्रीसुद्धा त्या कुलपात ठेवायच्या. तोंडावर म्हणायची मात्र कोणाची टाप नव्हती.

कारखान्याचा मेल बाहेरच्या एका कंपनीच्या सर्व्हरवर होता. तो ब्राउझरमध्ये उघडायचा जुना प्रोग्राम आता बंद होणार होता आणि नवा निवडायचं काम बाईंकडे आलं होतं. पेशंट मेलवर मापं पाठवत, उघड्या पायांचे फोटो पाठवत. एका शिक्षिकेने विचारलं होतं, "हे तुमच्याशिवाय कोणी बघणार नाही ना?" बाईंनी लिहून शब्द दिला होता. पासवर्ड मात्र प्लास्टरच्या टाकीच्या वरच्या बाजूला, भिंतीला चिकटवलेल्या कागदावर होता. कारागिरांचे हात कायम बरबटलेले, वही कोण उघडणार? अख्ख्या कारखान्याला तोच एक पासवर्ड.

बाईंनी निवडलेला प्रोग्राम दिसायला अगदीच रडका होता. पण त्यात प्रत्येकाला वेगळा पासवर्ड, वर फोनवर येणारा आकडा, आणि दहा मिनिटं कोणी हात लावला नाही की आपोआप बंद. मालकांच्या मेहुण्यांना दुसरा हवा होता. रंगीबेरंगी, एकदा उघडला की कायमचा उघडा.

"बाई, पाय बनवतो आपण, तोफा नाही," मेहुणे म्हणाले. "आपल्याच घरात कसली कुलपं?"

"घर तुमचं असेल. फोटो त्यांचे आहेत."

मालक हसले. "जरा जुळवून घ्या, बाई. हे म्हणतात तोच घेऊ."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. दारात कुरिअरवाला सहीसाठी ताटकळत उभा होता. बाईंनी त्याला आपल्या खुर्चीत बसवलं. "दादा, भिंतीवरचं वाचा आणि मेल उघडा. सगळ्यात वरचा, तेवढाच."

मिनिटभरात पडद्यावर फोटो आला. गुडघ्याखाली संपलेला एक पाय. कुरिअरवाल्याने ओशाळून मान वळवली.

मेहुणे उसळले. "पेशंटचा फोटो परक्याला दाखवता?"

"माझा आहे," बाई म्हणाल्या. "सकाळी मीच पाठवला." त्यांनी पट्टीने आपल्या नडगीवर टकटक केलं. आवाज पोकळ आला.

त्या इथे अकरा वर्षं होत्या. पाय त्याआधीचा, मालकांच्या वडिलांच्या काळातला. तो बनवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने आजवर चकार शब्द काढला नव्हता.

"मी आज माझ्या मर्जीने दाखवला," बाई म्हणाल्या. "त्या शिक्षिकेला कोणी विचारणारसुद्धा नाही."

म्हातारा उठला आणि बरबटलेल्या हातानेच त्याने भिंतीवरचा कागद टराटरा फाडला. मालकांनी खाली पडलेले तुकडे उचलले. मग म्हणाले, "तुमचाच घेऊ, बाई."

मेहुण्यांनी घसा खाकरला. "मग माझा पासवर्ड काय?"

"तुमचा तुम्ही ठरवा," बाई म्हणाल्या. "आणि मला सांगू नका."