हलूनकांचा तारा

इस्पितळात त्यांना सगळे 'हलूनका' म्हणत. एकतीस वर्षं एक्स-रेच्या खोलीत "श्वास घ्या, रोखा, हलू नका" एवढ्याच भांडवलावर नोकरी केलेल्या माणसाला दुसरं काय म्हणणार? घरीही त्यांचा सूर तोच. फरक इतकाच, की घरात कोणी श्वास रोखत नसे.

त्यांची मुलगी अंतराळातल्या दुर्बिणीतून ताऱ्यांचे एक्स-रे अभ्यासायची. लेक आपल्याच धंद्यात आली म्हणून हलूनकांची छाती फुगली. त्यांचा पहिला प्रश्न होता, "ताऱ्याच्या मागे प्लेट कोण धरतं?"

"बाबा, आम्ही काढत नाही. ताराच एक्स-रे सोडतो. खाली येईपर्यंत ते हवेत अडतात, म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते."

म्हणजे एक्स-रे अडवायला आम्ही घालतो तसा शिशाचा एप्रन सगळी दुनिया घालून बसलीय, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी इस्पितळभर सांगितलं. लिफ्टवाल्यालाही सोडलं नाही.

मुलीचा तारा मात्र मुलखाचा विचित्र. भोवऱ्यासारखा गरगरायचा आणि त्याच्या जातीच्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त एक्स-रे सोडायचा. हा असा कशानं झाला, ते तिला शोधायचं होतं. त्या एक्स-रेच्या आलेखात लोखंडाची खूण असलेली एक रेघ दिसे; ती सोडणारी वस्तू हलली, की अशी रेघ सरकते. तीनदा पाहिली तर तिन्ही वेळा जरा सरकलेली, आणि तारा स्वतः तर तेवढा हलत नव्हता. दुर्बिणीची वेळ वाटून देणाऱ्या समितीनं कळवलं, रेघ का सरकते ते सोमवारपर्यंत सांगा, नाहीतर दुर्बिणीची पुढची वेळ दुसऱ्याला देऊ. दोन वर्षांच्या कामावर पाणी पडायची वेळ आली. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर आलेख पसरून पोरगी रडकुंडीला आली होती.

हलूनकांनी चष्मा कपाळावर चढवला. "पेशंट हलला."

"नाही हलला, बाबा. मोजलंय मी."

"मग धरणारा हलला."

"कोण धरणारा?"

"अगं, तान्ह्या बाळाचा एक्स-रे काढताना आई धरून उभी असते. आमच्या एका नव्या डॉक्टरनं बाळाच्या फासळ्यांत चार जास्तीची हाडं शोधली होती. आईची बोटं होती ती. तुझ्या ताऱ्याला कोणी धरलंय का, ते बघ."

मुलीनं आलेख पुन्हा जवळ ओढले. ताऱ्याला जोडीदार असावा, अशी शंका तिला पूर्वी आली होती. पण तो कुठेच दिसेना, म्हणून तिनं ती सोडून दिली होती. तिनं त्याच दुपारी अर्ज लिहिला: रेघ ताऱ्याची नाहीच, त्याच्याभोवती फिरणाऱ्या न दिसणाऱ्या जोडीदाराची आहे. वेळ मिळाली. सहा महिन्यांत रेघ तिच्या हिशेबाप्रमाणे सरकत गेली आणि तशीच परत आली.

ती धावत घरी आली तेव्हा जेवणं नुकतीच आटोपली होती. "सापडली, बाबा. धरणारी सापडली. तीही एके काळी मोठा तारा होती. अंगचं सगळं याला दिलं, म्हणून हा एवढा गरगरतोय. ती आटून एवढीशी झाली, म्हणून दिसत नाही. पण एक्स-रे येतात ते तिच्यामुळे."

ताटं गोळा करणारी आई थांबली. "म्हणजे देऊन देऊन ती आटली, सांभाळतेय अजून तीच, आणि तारा म्हणून नाव मात्र त्याचं," ती म्हणाली आणि ताटं घेऊन मोरीकडे निघाली.

हलूनकांना फार लाज वाटली. ते ताडकन उठले, आणि बायकोला काय म्हणावं ते न सुचून तोंडातून सवयीचंच निघालं.

"हलू नका." मग ते सावरले. "म्हणजे, तू बस. भांडी मी घासतो."

त्या घरात पहिल्यांदाच दोघींनी श्वास रोखला.