डी विंगच्या वाट्याला आलेला पाकिस्तान

घणसोलीतल्या आमच्या सोसायटीत सगळं विंगवार चालतं. गणपतीची आरती विंगवार, टाकीची सफाई विंगवार, रुसवेफुगवेही विंगवार. म्हणून पंधरा ऑगस्टच्या नाटुकल्यात भारताला शुभेच्छा द्यायला येणारे शेजारी देशही विंगवार वाटावेत, ही कल्पना मीच काढली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन चिठ्ठ्याही मीच उचलल्या. ए विंगला नेपाळ, बी विंगला भूतान, सी विंगला श्रीलंका. आणि आमच्या डी विंगला पाकिस्तान.

संध्याकाळपर्यंत ग्रुप पेटला. आम्हीच का? पाणीही आम्हालाच कमी येतं, आता हेही आम्हालाच? एका गृहस्थाने तर पंधरा ऑगस्टला आपण गावी असू असं कळवून टाकलं. मी चौथ्या मजल्यावरून खाली, खालून वर, अशा येरझाऱ्या घालत एक पाकिस्तान शोधत होतो.

तो आपणहून दारात आला. सातव्या मजल्यावरच्या सिंधी काकू. ऐंशी उलटलेल्या, पण आवाज खणखणीत.

"मी करते. माझ्याहून लहान आहे तो देश. मी जन्मले तेव्हा नव्हताच."

काकू कराचीच्या. मी लगेच रंगात आलो आणि त्यांना इतिहास ऐकवला: कायद्याने दोन्ही देश जन्मले पंधरा ऑगस्टलाच, पण व्हाइसरॉयला एका मध्यरात्री दोन शहरांत हजर राहता येईना, म्हणून कराचीतला सोहळा आदल्या दिवशी उरकला, आणि पुढे त्या देशाने चौदा तारीखच धरली. हातवारे करून सांगितलं सगळं. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या दिवसांत त्या तिथेच होत्या. चौदाला शाळेत लाडू मिळाला, पंधराला घरी वडिलांनी दिला. दोन दिवस लाडू मिळाले म्हणून त्या खुशीत होत्या. पुढच्या थंडीत घराला कुलूप लावून सगळे बोटीने मुंबईला आले.

"एकदा चारचौघांत कराची म्हणायचंय मला," त्या म्हणाल्या. "घरात म्हणू देत नाहीत."

न म्हणू देणारा त्यांचा मुलगा त्याच संध्याकाळी आला. बँकेतला, सभ्य माणूस. कुणी विचारलं तर 'आम्ही उल्हासनगरचे' एवढंच सांगणारा. आईला नेपाळ द्या, म्हणाला. "तुमचं नाटक अर्ध्या तासाचं. त्यावरून कुणी काही बोललं तर ऐकत आम्हालाच राहायचंय इथे." मला त्याचंही पटलं, काकूंचंही. दोन्ही पटलं की माणसाला बसवत नाही. मी पुन्हा येरझाऱ्या सुरू केल्या, आणि पाकिस्तानपुढे काकूंचं नाव तसंच राहिलं.

भारताची भूमिका सेक्रेटरींनी स्वतःकडे ठेवली होती. ते मूळचे इथल्याच तळवली गावचे; ही बिल्डिंग त्यांच्या आजोबांच्या शेतावर उभी, तेव्हा भारत दुसरा कोण होणार, असा त्यांचा सवाल होता. काकूंना त्यांची हरकत नव्हती. अट एकच: पाकिस्तानने 'माझं चुकलं' एवढं म्हणायचं आणि निघायचं. मी मुकाट्याने तसं लिहून दिलं. काकूंनी कागद वाचला आणि घडी घालून स्वतःकडे ठेवला.

झेंडावंदन झालं. पार्किंगमध्ये नेपाळ नाचून गेला, श्रीलंका चहाचा पुडा देऊन गेली. मग काकू आल्या, हिरवी ओढणी घेऊन. मुलगा गेटजवळ गाडीची किल्ली हातात घेऊन उभा. काकू फेटेवाल्या भारतासमोर येऊन थांबल्या. मी खांबाआडून कुजबुजलो, "माझं चुकलं." डासाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मी कराचीहून आले," त्या भारताला म्हणाल्या. "माझी एक मुलगी तुझ्याकडे आहे. लहान होती, बोटीने आली. बरी आहे ना?"

भारताला पुढे वाक्यच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी खांबाकडे. फेटा कपाळावर घसरत होता.

"बरी हाय," सेक्रेटरी शेवटी म्हणाले. "आमच्यातच हाय. तुमी बसा काकू, उब्या नका राहू." आणि अध्यक्षांना उठवून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

टाळ्या आल्या, पण शेजारच्याने वाजवल्यात का हे बघून बघून. दुपारी ग्रुपवर कुणीतरी विचारलंच, पाकिस्तानला टाळ्या कशासाठी? त्याखाली नुसते झेंडे पडत राहिले. माझ्याच्याने मोबाईल खाली ठेववेना.

पण त्याआधी, कार्यक्रम संपल्यावर लिफ्टमध्ये आम्ही तिघेच होतो. काकू, त्यांचा मुलगा आणि मी. किल्ली अजून त्याच्या मुठीत होती. आकड्यांकडे बघत, आईकडे न बघता त्याने विचारलं, "घर कुठल्या बाजूला होतं? समुद्राच्या?"

काकूंनी ओढणी सावरली. माझा चौथा मजला आला, दार उघडलं. मी उतरलो नाही.