दोनमाई

दुबईत, जबल अली बंदराच्या गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. दापोलीकडचा. आमचा मॅनेजर जपानी होता, आणि माणसाला धीर द्यायचे त्याचे दोन शब्द यानं उचलले होते. कामाला निघालेल्याला ‘गानबात्ते’, म्हणजे जोर लाव. काम फसलेल्याला ‘दोनमाई’, म्हणजे जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको. कुणाचा माल फुटो, कुणाची रजा नामंजूर होवो, हा गाडी थांबवून, हेल्मेट काढून, कमरेत वाकून शब्द द्यायचा. ऑफिसात बसून मला ते सगळं नाटकी वाटायचं.

मी ड्रायव्हिंग टेस्टला चौथ्यांदा नापास झालो, त्या सकाळी हा तिथल्याच बाकावर बसलेला. माझं तोंड बघूनच उठला आणि वाकला. “दोनमाई, साहेब.”

“एवढ्यासाठी आलास?”

त्यानं पाठीमागे धरलेली फाइल पुढे केली. “आपली पण होती ना टेस्ट. सातवी. फोर्कलिफ्टचं मागचं चाक वळतं, कारच्या पार्किंगलाही हात तसाच फिरतो. खलास!”

म्हणजे याआधी सहाही वेळा हा इथल्या फाटकातून एकटाच परतला होता, आणि गोदामात येऊन दुसऱ्यांना धीर देत होता.

मी टोपी काढली आणि भर उन्हात, सगळ्यांदेखत वाकलो. “दोनमाई.”

तो म्हणाला, “पाठ सरळ ठेवायची, साहेब.” आणि खिडकीशी जाऊन त्यानं आम्हा दोघांसाठी पुढच्या टेस्टची एकच तारीख मागितली.